हाडात बसवलेला कृत्रिम पाय आणि चालणं: गुडघ्याच्या वर पाय गेलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याच्या वरून पाय कापावा लागलेल्यांना पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम. गेली काही वर्षं पेशंट आले की मोबाइल पुढे करतात. व्हिडिओत मांडीच्या टोकातून धातूचा एक छोटा दांडा बाहेर आलेला असतो, त्याला कृत्रिम पाय जोडला जातो आणि माणूस उठून चालू लागतो. लगेच पुढचा प्रश्न येतो, "मॅडम, हे मला होईल का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं एका वाक्यात उत्तर देणं अन्यायाचं होईल. म्हणून लोक जे विचारतात ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत इथे घेतलं आहे. तुमच्या हाडाची, त्वचेची आणि रक्तपुरवठ्याची तपासणी करून शेवटचा निर्णय तुमचे सर्जनच देतील.

हा पाय नेमका बसवतात कसा?

मांडीच्या उरलेल्या हाडाच्या पोकळीत टायटॅनियमचा इम्प्लांट बसवतात. हाड त्याच्या पृष्ठभागावर वाढतं आणि त्याला घट्ट धरून ठेवतं. इम्प्लांटला जोडलेला एक भाग स्टंपच्या (कापल्यावर उरलेल्या पायाच्या) टोकाच्या त्वचेतून बाहेर येतो आणि गुडघा, नळी, पाऊल हे सगळं बाहेरून त्याला जोडलं जातं. सॉकेट, म्हणजे नेहमीच्या कृत्रिम पायात स्टंपवर चढवायची वाटी, लागत नाही. शरीराचं वजन सरळ हाडातून पायात उतरतं.

या पद्धतीला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. टायटॅनियमला हाड धरतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनमार्क यांच्या १९५०च्या दशकातल्या संशोधनातून पुढे आलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला दातांचे इम्प्लांट बसवले. आज गल्लोगल्ली दातांचे जे इम्प्लांट बसतात त्यांचं मूळ तिथे आहे. मांडीच्या हाडात हा प्रयोग पहिल्यांदा १९९० मध्ये गोथेनबर्गला झाला आणि त्यांचे चिरंजीव रिकार्ड ब्रोनमार्क यांनी ते काम पुढे नेलं. त्यांच्या पद्धतीला ओप्रा म्हणतात. तिच्यातला इम्प्लांट आटे असलेल्या स्क्रूसारखा असतो. जर्मनीत १९९९ पासून, आणि पुढे नेदरलँड्स व ऑस्ट्रेलियात, हाडात दाबून बसवायचे लांब इम्प्लांट वापरात आले. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) ओप्राला २०१५ मध्ये मर्यादित आणि २०२० मध्ये पूर्ण मान्यता दिली. तीही गुडघ्याच्या वरचं ॲम्प्युटेशन (पाय कापणं) झालेल्या आणि सॉकेटचा पाय नीट वापरता न येणाऱ्या लोकांसाठी. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

सॉकेटच्या पायात एवढं काय वाईट असतं? लाखो लोक वापरतात की.

वापरतात, आणि त्यातले कितीतरी जण उत्तम चालतात. पण गुडघ्याच्या वरचा सॉकेट ही अवघड वस्तू आहे. मांडीत हाडाभोवती भरपूर मांस असतं. ढगळ चपलेत पाय सरकावा तसं ते हाड सॉकेटमध्ये हलतं. पाऊल टाकताना जोर लावला की त्यातला काही भाग मांसातच जिरतो आणि पायाला उशिरा पोचतो. वजन पेलायला सॉकेटची वरची कड बसायच्या हाडाखाली टेकवावी लागते. तीच कड जांघेत रुतते, खुर्चीवर बसलं की बोचते.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारी माझ्याकडे येणारे लोक लायनर (सॉकेटच्या आत स्टंपवर घालायचं मऊ आवरण) काढतात तेव्हा आतून अक्षरशः घाम ओघळतो. घामाने लायनर सैल होतो, सैल झाला की घासतो, घासला की चरचरतं, पुरळ येतं, फोड येतो. मग आठवडाभर पाय कोपऱ्यात उभा. स्वीडनसारख्या थंड देशात मांडीतून पाय गेलेल्यांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले. तिथेसुद्धा ७२ टक्के लोकांनी उष्णता आणि घामाची, ६२ टक्के लोकांनी जखमा किंवा त्वचेच्या त्रासाची तक्रार केली होती.

शिवाय स्टंपचा आकार एकसारखा राहत नाही. वजन दोन-तीन किलो इकडेतिकडे झालं, सूज आली, डायलिसिस सुरू झालं की कालपर्यंत नीट बसणारा सॉकेट आज बसत नाही.

हाडातल्या पायाने चालणं खरंच सुधारतं का?

नीट निवडलेल्या पेशंटमध्ये सुधारतं, आणि ते मोजलेलं आहे. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे २२ जणांची आधी सॉकेटवर आणि नंतर हाडातल्या पायावर तपासणी झाली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सहा मिनिटांत चालून होणारं अंतर सरासरी ३२१ मीटरवरून ४२३ मीटरवर गेलं. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं, या चाचणीचा वेळ सुमारे १५ सेकंदांवरून ८ सेकंदांवर आला. चालताना लागणारा ऑक्सिजन कमी झाला, म्हणजे तेवढंच चालून दम कमी लागला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आकडा: आठवड्यात पाय घालून राहण्याचा वेळ ५६ तासांवरून १०१ तासांवर गेला.

तासांचा आकडा मला मोठा का वाटतो? हॉलमध्ये शंभर मीटर जास्त चालणं चांगलंच आहे. पण सकाळी उठल्यावर घातलेला पाय रात्री झोपतानाच काढायचा, मध्ये दुकानात उभं राहायचं, जिना चढायचा, मुलाला शाळेतून आणायचं, तर माणसाचं आयुष्य बदलतं. मी दरवेळी विचारते, "कालच्या दिवसात पाय किती वेळ अंगावर होता?" चालण्याची सगळी कहाणी त्या उत्तरात असते.

चालण्याची ढबही बदलते. सॉकेटची कड नसल्यामुळे खुबा मागे मोकळा जातो, त्यामुळे पाऊल लांब पडतं आणि कंबर पुढे झुकवावी लागत नाही. बसायला तर फार फरक पडतो. स्वीडनमधल्या एका तुलनेत बसताना त्रास होतो असं सॉकेटवाल्यांपैकी ४४ टक्के लोकांनी सांगितलं आणि हाडातल्या पायवाल्यांपैकी ५ टक्के लोकांनी.

एक मात्र सांगायला हवं. या अभ्यासांतले लोक निवडलेले होते. त्यांचं हाड चांगलं, बहुतेकांचा पाय अपघातात किंवा गाठीमुळे गेलेला, आणि प्रशिक्षणाला महिनोन्महिने येण्याची तयारी. गँगरीनने पाय गेलेल्या सत्तर वर्षांच्या आजोबांना हे आकडे तसेच लागू करू नका.

मग मी लगेच ऑपरेशनच करून घेऊ का?

थांबा. माझं सगळ्यात कळकळीचं म्हणणं याच उत्तरात आहे.

"मला सॉकेट जमत नाही" असं सांगत येणाऱ्यांचा पाय मी आधी उलटापालटा करून बघते. किती वेळा असं दिसतं की सॉकेट दोन-तीन वर्षांपूर्वीचा आहे आणि मधल्या काळात स्टंप आटलाय. त्यावर तीन-तीन मोजे चढवून तो कसाबसा धरलेला असतो. कधी पायाची लांबी चुकलेली, कधी गुडघ्याची अलाइनमेंट (बसवण्याची रेषा) अशी की दर पावलाला गुडघा आपोआप मुडपायची भीती. कधी खुबा पुढच्या बाजूला आखडलेला असतो. तो सरळच होत नाही, म्हणून माणूस कमरेत वाकून चालतो आणि कंबर दुखते. या माणसाचा सॉकेट बिघडलाय किंवा त्याला चालायला कुणी शिकवलेलंच नाही. त्याला हाडात इम्प्लांट बसवला तरी आखडलेला खुबा आखडलेलाच राहणार.

म्हणून क्रम असा ठेवा. चांगल्या प्रोस्थेटिस्टकडून (कृत्रिम पाय बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून) नव्याने माप घेऊन सॉकेट करून घ्या. सिलिकॉन लायनर वापरला नसेल तर वापरून बघा. निदान दोन-तीन महिने नियमित फिजिओथेरपी करा. एवढं करूनही जखमा होत राहिल्या, किंवा स्टंप इतका आखूड असेल की सॉकेट धरतच नाही, किंवा त्वचेवर कलम केलेली असल्याने घासणं सोसत नाही, तर ऑसिओइंटिग्रेशनचा विचार जरूर करा. मीच तुम्हाला सर्जनकडे पाठवीन.

माझ्या वडिलांचा पाय शुगरमुळे कापला. त्यांना चालेल का?

बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील, आणि त्यामागे कारण आहे. त्वचेतून धातू कायमचा बाहेर राहणार. त्याभोवतीची त्वचा निरोगी राहायला रक्तपुरवठा चांगला हवा आणि जंतूंशी लढायची ताकद हवी. ताब्यात नसलेला मधुमेह आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या या दोन्हींवर घाव घालतात. शिवाय अशा पेशंटचा दुसरा पायही धोक्यात असतो. त्याची काळजी आधी.

याखेरीज सिगारेट-बिडी चालू असेल, त्या हाडाला रेडिएशन दिलेलं असेल, हाडात जुनं इन्फेक्शन दबा धरून असेल, हाड फार ठिसूळ असेल, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असतील, वाढीचं वय संपलेलं नसेल किंवा गरोदरपण असेल तर ही शस्त्रक्रिया टाळतात. वजनालाही मर्यादा असते. ओप्रासाठी ती साधारण १०० किलो धरली जाते. तंबाखूचं मी मुद्दाम वेगळं सांगते. "कमी केलीय" हे उत्तर सर्जनला चालत नाही, ती बंद असावी लागते.

वडिलांना निराश करू नका. हलका पाय, लॉक होणारा गुडघा आणि वॉकर घेऊन ते घरात सुरक्षित चालू लागले, स्वतः बाथरूमला जाऊ लागले, तर त्यांच्या वयात आणि प्रकृतीत तो मोठाच पल्ला आहे.

ऑपरेशन एक की दोन? चालायला किती महिने लागतात?

ओप्रा पद्धतीत दोन टप्पे. पहिल्यात हाडात इम्प्लांट बसवून त्वचा बंद करतात आणि साधारण सहा महिने हाडाला तो धरू देतात. दुसऱ्या टप्प्यात टोकाची त्वचा पातळ करून हाडाच्या टोकाशी चिकटवतात आणि बाहेरचा दांडा जोडतात. दाबून बसवायच्या इम्प्लांटमध्ये दोन टप्प्यांतलं अंतर काही आठवड्यांचं असतं. काही केंद्रांत सगळं एकाच ऑपरेशनमध्ये करतात आणि वजनही लवकर टाकू देतात.

दुसऱ्या टप्प्यानंतरचा काळ पेशंटला सगळ्यात जास्त कंटाळवाणा वाटतो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, दांड्याला आखूड सरावाचा भाग जोडायचा आणि समांतर बार धरून काट्यावर हळूहळू भार द्यायचा. ओप्राच्या वेळापत्रकात सुरुवात साधारण २० किलोपासून होते. मग आठवड्यागणिक भार वाढत जातो. दुखणं दहापैकी पाचाच्या वर गेलं की थांबायचं आणि एक पायरी मागे यायचं. काट्यावर डोळा लावून बसलेल्या माणसाला ते आकडे फार सावकाश सरकतात असं वाटतं. पण हाड भाराला प्रतिसाद देऊनच मजबूत होतं आणि त्याला घाई केलेली चालत नाही. पूर्ण वजन सोसवलं की पूर्ण लांबीचा पाय, आधी दोन कुबड्या, मग एक, मग हात मोकळे. ओप्रात पहिल्या ऑपरेशनपासून मोकळं चालण्यापर्यंत वर्ष ते दीड वर्ष धरून चला. नोकरीवर रजा मागताना आणि घरचं गणित मांडताना हाच आकडा धरा.

त्वचेतलं ते भोक कधी बुजतच नाही?

नाही. त्याला स्टोमा म्हणतात आणि तो आयुष्यभर राहतो. याची मनाची तयारी आहे का, हे मी प्रत्येकाला दोनदा विचारते, एकदा एकट्याला आणि एकदा घरच्यांसमोर.

रोजची काळजी तशी साधी आहे. हात धुवायचे. साधा साबण आणि स्वच्छ पाणी घेऊन दांड्याभोवतीची त्वचा दिवसातून दोनदा धुवायची. दांड्यावर सुकलेला स्राव ओल्या गॉजने पुसून काढायचा, खरवडायचा नाही. स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करायचं आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गॉज गुंडाळायचं. मलम, हळद, नारळाचं तेल, कुणी सांगितलेला लेप, काहीही लावायचं नाही. थोडासा पाण्यासारखा किंवा पिवळसर चिकट स्राव येतो. चालणं वाढलं की तोही वाढतो. त्याला घाबरू नका. कधी भोकाच्या कडेला लालबुंद, ओलसर, सहज रक्त येणारं मांस वाढतं. ते दाखवून घ्या, त्यावर इलाज आहे.

टाकीचं पाणी वापरणाऱ्यांनी टाकी साफ आहे ना, एवढं बघा. पुण्यात टँकरवर असलेल्या सोसायट्या कमी नाहीत. शंका असेल तर पाणी उकळून गार करून घ्या.

इन्फेक्शन किती जणांना होतं? खरं सांगा.

खरं सांगते. स्वीडनमधल्या ५१ पेशंटचा पाच वर्षांचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडातला इम्प्लांट पाच वर्षांनी जागेवर टिकून राहण्याचं प्रमाण ९२ टक्के. पण त्याच काळात ३४ जणांना मिळून ७० वेळा वरवरचं इन्फेक्शन झालं आणि ११ जणांना मिळून १४ वेळा खोलवरचं. १५ जणांच्या बाबतीत यांत्रिक बिघाड झाले. रिव्हिजनची (पुन्हा दुरुस्तीची) वेळ न येता पाच वर्षं काढलेल्यांचं प्रमाण ४५ टक्के होतं.

हे सगळे आकडे एकत्र वाचा. फक्त ९२ दाखवणारा तुम्हाला अर्धंच सांगतोय आणि फक्त ७० दाखवणाराही. वरवरच्या इन्फेक्शनवर बहुतेक वेळा गोळ्यांनी भागतं. खोलवरच्यासाठी दीर्घकाळ अँटिबायोटिक, कधी ऑपरेशन आणि क्वचित इम्प्लांट काढावा लागतो. तो काढला तर हाडाचं नुकसान होऊ शकतं आणि मग सॉकेटवर परतणंही सोपं राहत नाही.

ताप, थंडी वाजणं, मांडीत आतून ठणका, वजन टाकताना अचानक नव्याने दुखणं, दुर्गंधी येणारा पू, वर चढत जाणारी लाली: यातलं काहीही दिसलं तर पाय काढून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोमवारची वाट बघू नका. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून दोन दिवस खाऊ नका. जंतू दबतात, मरत नाहीत, आणि मग नमुना तपासूनही नीट कळत नाही.

पडलो तर हाड मोडेल?

मोडू शकतं. सॉकेटमध्ये झटका मांसात थोडाफार जिरतो, इथे तो थेट हाडापर्यंत जातो. म्हणून दांडा आणि गुडघा यांच्यामध्ये एक सुरक्षा जोड असतो. ठरावीक मर्यादेपलीकडे पीळ बसला की तो सुटतो आणि हाड वाचतं. पुष्कळदा नुसता बाहेरचा भाग वाकतो आणि तो बदलता येतो. इम्प्लांटच्या आसपास हाड मोडलं तरी बऱ्याचदा इम्प्लांट तसाच ठेवून हाड जोडता येतं.

पडायचं कसं आणि पडल्यावर उठायचं कसं हे मी गादीवर शिकवते. लोकांना आधी विचित्र वाटतं, पण शिकून घ्या. आपल्या फुटपाथवरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या पायऱ्या कुणाला सोडत नाहीत.

पर्वती चढता येईल? सिंहगड? पळणं?

पर्वतीच्या पायऱ्या रुंद आणि लांब आहेत. चांगला सराव असलेला माणूस कठड्याच्या बाजूने, घाई न करता चढतो. उतरताना मात्र गुडघा चांगला लागतो, कारण वजन पडल्यावर सावकाश मुडपणारा गुडघा नसेल तर एकेक पायरी दोन्ही पावलं टेकवत उतरावी लागते. सिंहगडाची पायवाट ओबडधोबड आहे. तिथे एक काठी हवीच आणि सोबत कुणीतरी हवं. पळणं आणि उड्या मारणं ओप्राच्या पेशंटना करू नका असंच सांगतात. सायकल चालते.

मांडी घालून बसणं, पंगत, देवळात बसणं?

सॉकेटची कड नसल्याने खुबा बराच मोकळा होतो. पण मांडी घालायला कृत्रिम गुडघ्याच्या वर एक फिरणारा जोड बसवावा लागतो. बटण दाबलं की खालचा पाय आडवा फिरतो. बूट घालतानाही तो उपयोगी पडतो. पाय मागवतानाच सांगून ठेवा, नंतर बसवायचा म्हटलं तर उंचीचं गणित बिघडतं. किंवा सरळ पाय काढून ठेवा: हाडातला पाय काढायला-घालायला काही सेकंद लागतात. लायनर ओढणं नाही, पावडर नाही, भिंतीला टेकून धडपड नाही. भारतीय संडास मात्र दोन्ही प्रकारच्या पायांवर अवघडच. घरात कमोड आणि भिंतीला पकडायचा दांडा करून घ्या.

पोहायला जाता येतं का? आणि पावसात भिजलं तर?

अंघोळ रोजची, तिला हरकत नाही. पावसात भिजलात तर घरी आल्यावर स्टोमा स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा करा. तळी, नदी, धरणाचं पाणी टाळा. पोहण्याच्या तलावाबाबत आपल्या सर्जनला विचारूनच ठरवा. वारीत चालायची इच्छा असलेल्यांना मी दिवे घाटाच्या आधी निदान दोन महिने सराव सुरू करायला सांगते, आणि सोबत साबण, गॉज आणि बाटलीतलं स्वच्छ पाणी ठेवायला. इंद्रायणीचं किंवा चंद्रभागेचं स्नान अंगावर पाणी शिंपडून करा, स्टोमा बुडवून नको.

नसलेला पाय दुखतो, ते थांबेल?

त्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नका. फँटम वेदना नसांशी आणि मेंदूशी निगडित आहे आणि तिच्यावर औषधं, आरशासमोरचे व्यायाम, नसांवरच्या शस्त्रक्रिया असे वेगळे उपाय आहेत. सॉकेटच्या कडेने, घासण्याने होणारं दुखणं मात्र सॉकेट गेला की जातं. तुमचं दुखणं यांपैकी कोणतं, हे आधी ठरवून घ्या.

पायाखालची जमीन जाणवते, हे खरं आहे?

हो. हाडातून कंप वर पोचतो. फरशीवरून गवतात गेलं, खडी लागली, पाऊल पूर्ण टेकलं की अर्धवट, हे पेशंट न बघता ओळखू लागतात. अंधारात चालताना याचा खरा उपयोग. स्पर्श परत येत नाही, पण पाऊल कुठे आहे याचा अंदाज येतो आणि मान खाली घालून चालायची सवय सुटते.

इम्प्लांटसोबत गुडघाही मिळतो ना?

नाही. हा गैरसमज फार आहे. इम्प्लांट म्हणजे फक्त जोड. गुडघा आणि पाऊल वेगळं घ्यावं लागतं, आणि चालणं किती सुरक्षित होईल ते पुष्कळसं गुडघ्यावर असतं. साधा लॉकचा गुडघा, चार जोडांचा पॉलिसेंट्रिक गुडघा, हायड्रॉलिक गुडघा आणि मायक्रोप्रोसेसरचा गुडघा असे प्रकार आहेत. ऑटोबॉक कंपनीचा सी-लेग १९९७ पासून बाजारात आहे. त्यातला संगणक चालताना सतत मोजमाप घेऊन गुडघा किती सैल सोडायचा ते ठरवतो, त्यामुळे ठेच लागल्यावर सावरायला संधी मिळते. पैसे मोजकेच असतील आणि सॉकेट बरा बसत असेल, तर मी म्हणेन ते पैसे आधी चांगल्या गुडघ्यात घाला.

खर्च किती? सरकारी मदत?

शस्त्रक्रिया, बाहेरून येणारा इम्प्लांट, बाहेरचा पाय आणि वर्षभराची फिजिओथेरपी मिळून खर्च लाखांत जातो. नंतरही झिजलेले भाग बदलणं आणि तपासण्या चालूच राहतात. कोटेशन घेताना हे चारही भाग वेगळे लिहून मागा. विमा असेल तर मंजुरी लेखी घ्या.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते काढा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे, आणि गुडघ्याच्या वरचं ॲम्प्युटेशन तिच्या बरंच पुढे असतं. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणीसाठी पुण्यात ससूनला बोलावतात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून साधा कृत्रिम पाय मिळू शकतो.

पुण्यात पायासाठी कुठे जायचं?

पुणं या बाबतीत नशीबवान शहर आहे. वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. ते मुख्यतः जवानांसाठी असलं तरी तिथे इतरांनाही पाय बसवून मिळतात. खडकीला जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाची परंपरा त्याहून जुनी. साधू वासवानी मिशनतर्फे कृत्रिम पाय मोफत दिले जातात. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवला. अनवाणी, चिखलात, शेतात चालणाऱ्यांसाठी ते पाऊल आजही उत्तम आहे. मुळशी-वेल्ह्याकडच्या शेतकऱ्याला मी ते बिनधास्त सुचवते.

ऑसिओइंटिग्रेशनसाठी शहर बघू नका, टीम बघा. सर्जन, प्रोस्थेटिस्ट आणि फिजिओ एकत्र बसून तुमच्याशी बोलतात का? सर्जनना विचारा: मांडीच्या अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः केल्या? त्यातल्या किती जणांना इन्फेक्शन झालं, किती इम्प्लांट काढावे लागले? दांडा वाकला तर सुटा भाग किती दिवसांत येतो? दोन वर्षं झालेल्या एखाद्या पेशंटशी मला बोलता येईल का? या प्रश्नांनी चांगला सर्जन रागावत नाही.

निर्णय होईपर्यंत घरी काय करू?

रोज पालथे झोपा, सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं. खुबा आखडू नये यासाठी याहून चांगलं काही नाही. स्टंपखाली उशी घेऊ नका. आई मायेने ठेवते, तिला समजावून सांगा. दिवसभर व्हीलचेअरवर बसून राहू नका. पालथे असतानाच स्टंप मागे उचला. कुशीवर झोपून वर उचला. चालताना कंबर लचकते ती याच बाजूच्या स्नायूच्या अशक्तपणामुळे. पोटाचे आणि पाठीचे व्यायाम करा, चांगल्या पायावर आधार धरून उभं राहायचा सराव करा. ऑपरेशन झालं किंवा नाही झालं, दोन्हीकडे हेच स्नायू तुम्हाला चालवणार आहेत.

पहिल्या भेटीला काय घेऊन येऊ?

ॲम्प्युटेशनच्या वेळचा डिस्चार्ज पेपर, स्टंपचा एक्स-रे, तीन महिन्यांतला एचबीए१सी (रक्तातल्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट. जुना पाय, लायनर आणि मोजेही आणा, वापरत नसाल तरी आणा. हाफ पँट घाला. चांगल्या पायात रोजचा बूट किंवा चप्पल असू द्या, नवी नको. आणि घरी जो तुमच्यासोबत खरोखर असतो, त्याला किंवा तिला बरोबर घेऊन या.